राष्ट्रपतीला आपण मत कधी दिलं?

जुलै २०२२ च्या एका आठवड्यात तीन बातम्या एकापाठोपाठ आल्या. १४ जुलैला महाराष्ट्रात नुकत्याच आलेल्या शिंदे-फडणवीस सरकारनं ठरवलं, की सरपंच आणि नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून निवडायचे. त्याच दिवशी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी देश सोडून सिंगापूर गाठलं आणि तिथून ईमेलनं राजीनामा पाठवला. आणि १८ जुलैला आपले आमदार मुंबईत विधानभवनात रांग लावून भारताचा राष्ट्रपती निवडत होते. गुलाबी मतपत्रिका, आयोगानं दिलेला जांभळ्या शाईचा पेन, आणि नावांपुढं पसंतीचे आकडे.

मी तेव्हा धर्मापुरीत होतो. परळी तालुक्यातलं आमचं गाव. किल्ला आहे, केदारेश्वराचं जुनं मंदिर आहे आणि किल्ल्याच्या भिंतीत कुठल्या कुठल्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. ऑफिस पुण्यात, लॅपटॉप माडीवर, नेटवर्क देवाच्या भरवशावर. आजोबा खाली टीव्ही बघत होते. त्यांनी वर हाक मारली, "काय रं, राष्ट्रपतीला आपण मत कधी दिलं?"

मी म्हटलं, "आपण आमदाराला दिलं, खासदाराला दिलं. ते देतात."

"मग त्यायला आपण सांगितलं व्हतं का, कुणाला द्यायचं म्हणून?"

नागरिकशास्त्रात पाचवीपासून दहावीपर्यंत हा धडा कुठं ना कुठं येतो, पण हा प्रश्न कुठल्याच स्वाध्यायात नव्हता. इंजिनिअरिंगच्या सवयीनं मी आधी आकडे काढायला बसलो. प्रश्न अवघड वाटला की आकडे काढायचे, म्हणजे निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आकडे भलतेच रंजक निघाले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराच्या मताला एक किंमत असते. राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले एक हजार. पण लोकसंख्या आजची धरत नाहीत, १९७१ ची धरतात. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. भागिले २८८, भागिले १,०००. उत्तर १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, गोव्याच्या आमदाराचं २० चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं. सगळ्या देशातल्या आमदारांची बेरीज करायची आणि तेवढीच ताकद खासदारांमध्ये वाटून द्यायची, म्हणजे केंद्र आणि राज्यं यांचा काटा सारखा राहतो. २०२२ मध्ये एका खासदाराचं मत ७०० चं होतं.

याचा सरळ अर्थ, हजार माणसांमागं एक मत. माणसांमागं, मतदारांमागं नाही. तान्ही पोरंसुद्धा यात धरलेली आहेत. आणि ही माणसं १९७१ सालची. माझे आजोबा त्या हिशेबात आहेत. माझे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते, तेही आहेत. आई अजून जन्माला यायची होती, ती नाही. मी तर नाहीच. २०११ ची जनगणना धरली असती तर महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ ऐवजी ३९० चं झालं असतं. पण इतर राज्यांचेही आकडे वाढले असते, आणि ज्यांची लोकसंख्या जास्त वेगानं वाढली त्यांचं वजन वाढलं असतं. कुटुंबनियोजन नीट केलेल्या राज्यांना त्याचीच शिक्षा नको, म्हणून १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं हा आकडा गोठवला. पुढं २००१ मध्ये ८४ व्या दुरुस्तीनं ती मुदत वाढवली: २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत. म्हणजे हा आकडा आता लवकरच हलणार आहे आणि तेव्हा बराच आरडाओरडा होणार आहे. पण ते पुढचं.

आजोबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मला धरलंय, पण इचारलं नाही."

*

हाच मुद्दा घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये निघाला होता. प्राध्यापक के. टी. शहा यांचं म्हणणं होतं, की राष्ट्रपती प्रौढ मताधिकारानं थेट लोकांनी निवडावा. त्यांना अमेरिकेसारखी, अधिकार खरोखर वेगळे केलेली पद्धत हवी होती, त्यामुळं त्यांची मागणी त्यांच्या बाजूनं सुसंगत होती. नेहरू आणि आंबेडकर यांची बाजू वेगळी होती. आपण इंग्लंडसारखी संसदीय पद्धत घेतो आहोत, कारभार मंत्रिमंडळ करणार, राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्यानं चालणार. अशा माणसाला सगळ्या देशानं कोट्यवधी मतांनी निवडून द्यायचं आणि मग सांगायचं की तुम्ही फक्त सही करा, यात काही मेळ नाही. शिवाय तो ऐकेलच कशाला? त्याच्यामागं पंतप्रधानापेक्षा जास्त मतं असतील. पंतप्रधान एका मतदारसंघातून आलेला आणि हा अख्ख्या देशातून.

मला हा युक्तिवाद पटतो, आणि पटण्याचं कारण शेजारी आहे. म्हणून तर त्या आठवड्यातली दुसरी बातमी मला अजून आठवते.

श्रीलंकेनं १९७८ च्या राज्यघटनेत नेमकं हेच केलं: राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला आणि सगळी सत्ता त्याच्या हातात. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया जवळपास ५२ टक्के मतं घेऊन आले. अडीच वर्षांत पेट्रोल संपलं, औषधं संपली, वीज तासन्‌तास जायला लागली. लोक म्हणत होते, जा. पण थेट निवडून आलेल्या माणसाला 'जा' म्हणायची वाट इतकी लांबची होती, की शेवटी ९ जुलैला लोक त्याच्या वाड्यात घुसले आणि त्याच्या पोहण्याच्या तलावात उड्या मारल्या. ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील, फॉरवर्डही केले असतील.

मात्र श्रीलंकेची गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती लबाडी होईल. कारण २० जुलैला उरलेल्या मुदतीसाठी संसदेनं नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. म्हणजे आपल्यासारखीच अप्रत्यक्ष निवडणूक. आणि निवडून कोण आलं? रनिल विक्रमसिंघे, २२५ पैकी १३४ मतांनी. हे गृहस्थ २०२० च्या निवडणुकीत स्वतःच्या जागेवर पडले होते आणि त्यांच्या पक्षाची संसदेत एकच जागा होती, तीही राष्ट्रीय यादीतून मिळालेली. त्याच मतदानात अनुरा कुमारा दिसानायके या उमेदवाराला मिळाली ३ मतं. तीन! सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांकडं थेट मत मागायची वेळ आली तेव्हा हेच दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. खासदारांच्या खोलीतला देश आणि बाहेरचा देश किती वेगळा असू शकतो, याचं इतकं उघडंवाघडं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

*

आपल्याकडं अशी मजा एकदाच झाली, १९६९ मध्ये, आणि त्यात एक मराठी माणूस मधोमध होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगितलं, की सद्सद्विवेकबुद्धीनं मत द्या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला: व्ही. व्ही. गिरींना द्या. तिसरे होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते.

पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणालाच नाहीत. मग खालचे उमेदवार एकेक बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. मी हा हिशेब छोट्या पायथनच्या प्रोग्रामात बसवून बघितला (शनिवार होता, दुसरं काम नव्हतं). देशमुखांना मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांची दुसरी पसंती रेड्डी होते. रेड्डींची मतं जवळजवळ ९२ हजारांनी वाढली, गिरींची फक्त साडेअठरा हजारांनी. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले. लागणाऱ्या आकड्याच्या वर १,९०८. हे म्हणजे महाराष्ट्रातल्या मूठभर आमदारांची मतं. तेवढ्या माणसांनी दुपारचं जेवण झाल्यावर विचार बदलला असता, तरी निकाल त्या फेरीत लागला नसता.

या पद्धतीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं, म्हणून हे होऊ शकतं. २००७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना भाजपबरोबर असूनही त्यांच्यामागं उभी राहिली, कारण उमेदवार मराठी. मला ती घटना आवडते. पण तेव्हासुद्धा शिवसेनेच्या मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. निर्णय योग्य होता म्हणून तो लोकांचा होत नाही.

आणि एक रात्र आहे जिच्यापुढं नेहरू-आंबेडकरांच्या बाजूनं बोलणाऱ्याला जरा थांबावं लागतं. २५ जून १९७५. आणीबाणीच्या कागदावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. थेट लोकांनी निवडलेला राष्ट्रपती असता तर त्यानं 'सकाळी बघू' असं म्हटलं असतं का? कदाचित. मात्र तितकंच शक्य आहे की अशी ताकद असलेल्या माणसानं आणीबाणीसाठी पंतप्रधानाच्या चिठ्ठीची वाटच बघितली नसती. मला दुसरी भीती मोठी वाटते. तुम्हाला पहिली वाटत असेल तर आपण भांडू शकतो.

*

आता सरपंच. कारण हा प्रश्न दिल्लीत पाच वर्षांतून एकदा येतो, आमच्याकडं तो रोजचा आहे.

महाराष्ट्रात २०१७ पर्यंत गावातले लोक सदस्य निवडायचे आणि सदस्य सरपंच निवडायचे. जुलै २०१७ मध्ये फडणवीस सरकारनं तो थेट केला आणि ऑक्टोबरमध्ये तशा निवडणुका झाल्या. २०२० मध्ये महाविकास आघाडीनं तो पुन्हा सदस्यांकडं दिला. राज्यपाल कोश्यारींनी त्या अध्यादेशावर सही करायला नकार दिला, मग विधिमंडळात कायदा करून घ्यावा लागला. २०२२ मध्ये परत थेट. नगराध्यक्षाचंही तसंच. आणि हे भाजप विरुद्ध काँग्रेस एवढं सोपं नाही, कारण २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडायचा कायदा विलासराव देशमुख मुख्यमंत्री असतानाच झाला होता आणि काही वर्षांनी तो गुंडाळलाही गेला. मुंबईत ज्याला जे सोयीचं, ते गावात लोकशाहीचं तत्त्व म्हणून येतं.

याच्या मधल्या खिडकीत, म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये, राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. माझी मावशी त्यात उभी राहिली. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, दोन पॅनल. मावशी अंगणवाडीत पोरांना खिचडी देणाऱ्या बायकांपासून ते ऊसतोडीहून परत आलेल्या बायकांपर्यंत सगळ्यांना नावानं ओळखते. ती तिच्या वॉर्डातून सगळ्यांत जास्त मतं घेऊन आली.

त्या वेळी सरकारनं आणखी एक गोष्ट केली होती. सरपंचपदाचं आरक्षण निवडणुकीच्या आधी जाहीर करायचं सोडून नंतर सोडत काढायची. हेतू चांगला होता: पद आधीच कळलं की बोली लागते. आणि ते खोटं नाही. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती, देवळाच्या कामासाठी. पण आरक्षण नंतर काढल्यानं बोली थांबली नाही, तिची फक्त जागा बदलली. आधी गावात लागायची, आता नऊ जणांत लागायला लागली.

मावशीच्या गावाला सोडत निघाली: सर्वसाधारण महिला. तिच्या पॅनलचे पाच, समोरचे चार. पाचांत तीन बायका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पॅनलप्रमुखानं एक ट्रॅव्हलर आणली आणि पाचही जणांना 'देवदर्शनाला' नेलं. नवऱ्यांसकट. तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, मग गणपतीपुळे. याला गावाकडं सहल म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मोबाईल एका पिशवीत जमा. निघण्याआधी बेलभंडारा उचलायला लावला होता. मावशीनं समुद्र आयुष्यात पहिल्यांदा त्या सहलीत बघितला. ती अजून सांगते, समुद्र लई भारी होता.

सरपंच कोण, हे ट्रॅव्हलरमध्ये पुढच्या सीटवर ठरलं. मावशीचं नाव त्यात नव्हतं. पॅनलप्रमुखाची भावजय होती. मतदानाच्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागली, पाच हात वर झाले, गुलाल उडाला. त्या रात्री मावशी आईला फोनवर म्हणाली, "माझ्या वॉर्डातल्या बायांनी मला निवडलं, अन् मी काय निवडलं? गाडीत खिडकीची जागा."

ही गोष्ट मी ज्याला सांगतो तो म्हणतो, बघ, म्हणून थेट पाहिजे. मीसुद्धा बरेच दिवस असंच म्हणायचो. पण त्याच ट्रॅव्हलरमध्ये पाचवा एक सदस्य होता. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडं एक वस्ती आहे. घरं थोडी, तिथला हा माणूस. गाडीत बसण्याआधी त्यानं अट घातली होती: वस्तीवर पाण्याची पाइपलाइन येणार असेल तर मी येतो, नाहीतर समोरच्या चार जणांत जाऊन पाच होतो. पाचात चार उरले तर सगळंच संपलं. पॅनलप्रमुखानं शब्द दिला आणि पाळावाही लागला, कारण पुढं अडीच-तीन वर्षं प्रत्येक ठरावाला तेच एक मत लागत होतं. वस्तीवर नळ आले. इतक्या वर्षांत कुठल्या सरपंचानं ते केलं नव्हतं, कारण त्या वस्तीच्या मतांवाचून कुणाचं अडलंच नव्हतं.

म्हणजे ज्या पद्धतीत मावशीचं मत गेलं, त्याच पद्धतीत वस्तीला पाणी आलं. थेट निवडणुकीत सगळं गाव एक मतदारसंघ होतं. मोठी भावकी जिकडं, सरपंच तिकडं. ओढ्यापलीकडच्या वस्तीला मग कोण विचारतं?

थेट पद्धतीचं दुखणं मी दुसरीकडं बघितलं. कॉलेजातल्या एका मित्राच्या गावात २०२२ च्या डिसेंबरात सरपंच थेट निवडून आला आणि सदस्य बहुतांश दुसऱ्या पॅनलचे. सरपंचाला वाटतं, मला गावानं निवडलंय. सदस्यांना वाटतं, आम्हालाही गावानंच निवडलंय. दोघांचंही बरोबर. मासिक सभा कोरमअभावी तहकूब, गटाराचं काम वर्षभर कागदावर. मित्र म्हणतो, आमच्याकडं एक पंतप्रधान आणि एक राष्ट्रपती आहेत आणि दोघंही थेट आलेत. शहांच्या सूचनेला घटना समितीत जे उत्तर मिळालं होतं, ते या पोरानं घटना समितीचं नाव न घेता दिलं.

*

माझं मत सांगतो. राष्ट्रपती अप्रत्यक्षच बरा, कारण त्याच्या हातात चेकबुक नाही. सरपंच थेट असावा, कारण त्याच्या हातात आहे. वित्त आयोगाचा पैसा त्याच्या सहीनं खर्च होतो, आणि खर्च करणाऱ्याला ज्यांच्या नावानं पैसा येतो त्यांनीच निवडलेलं बरं. इतकं लिहिल्यावर मला एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती निवडण्याबद्दलची नाहीच. ती काढण्याबद्दलची आहे.

आमच्या कामात अनेक सर्व्हर मिळून एक काम करतात, तेव्हा ते आपापसांत एक लीडर निवडतात. त्या पद्धतींमध्ये निवड कशी करायची याला जेवढी जागा असते, तेवढीच लीडर गप्प झाला तर किती वेळ थांबायचं आणि नवी निवड कधी सुरू करायची याला असते. निवडणुकांवरच्या आपल्या वादात हा दुसरा भाग कुणी काढतच नाही. राष्ट्रपतीचं बघा. निवडताना आमदार आणि खासदार दोघं. महाभियोग लावून काढताना फक्त संसदेची दोन सभागृहं, प्रत्येकात एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमतानं. माझ्या १७५ वाल्या आमदाराला निवडताना विचारलं, काढताना नाही. श्रीलंकेत निवडणं सोपं आणि काढणं जवळजवळ अशक्य. त्यामानानं थेट सरपंचाचा कायदा शहाणा आहे: पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, त्यानंतर तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी तो ग्रामसभेपुढं न्यावा लागतो आणि तिथं गुप्त मतदान होतं. ज्यांनी चढवलं, त्यांनीच उतरवायचं. गावच्या कायद्यात हे इतकं नीट कुणी लिहिलं असेल, याचं मला कौतुक वाटतं. एरवी शासनाची परिपत्रकं वाचून माझी अशी भावना होत नाही.

मावशीच्या ग्रामपंचायतीची मुदत आता संपत आली आहे आणि पुढचा सरपंच थेट आहे. ती उभी राहायचं म्हणते आहे. नवरा नको म्हणतो, मुलगा म्हणतो पैसा कुठून आणायचा; पूर्ण गावाला जेवण, गाड्या, बॅनर. ती म्हणते, जेवण नाही देणार, घरोघर जाईन. मागच्या आठवड्यात तिनं मला मतदार यादीची पीडीएफ पाठवली आणि एक्सेलमध्ये वॉर्डवार घालून दे म्हणाली. मी बसलो. नावांची स्पेलिंगं अशी आहेत की एका घरातल्या तीन भावांची आडनावं तीन प्रकारे लिहिली आहेत.

त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडचा तो सदस्य तिच्याकडं आला होता. चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, मागल्या टायमाला माझं एक मत लागत होतं, म्हणून नळ आला. आता तुमाला आमची मतं लागतील का?"

मावशी त्याला म्हणाली, रविवारी वस्तीवर येऊन बसते. मग तिनं मला फोन केला आणि विचारलं, यादीत तिथली नावं किती?

मी फिल्टर लावला. एकूण एक हजार सहाशेच्या आसपास नावांत त्या वस्तीची चौसष्ट होती. त्यातली दोन मयत, असं मावशी म्हणाली, ती कापून टाक.